तेरड्याचा सौदा

ओढ्याच्या काठाला तेरडा फुलला की आमच्या गावातल्या बायकांना गौरी आठवतात. मला माझा अडकलेला सौदा आठवतो आणि डोकं फिरतं.

परवा सकाळी झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवून परत येत होते. भाद्रपदातलं ऊन, पाऊस उघडला की पाठीला चावतं तसलं. बांधाकडं पाहिलं तर कालपर्यंत नुसता हिरवा असलेला तेरडा गुलाबी-जांभळा होऊन उभा. देठांवर पाणी, आणि देठ असे पारदर्शक लालसर की आत कुणी दिवा लावलाय असं वाटावं. मी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "आलास का परत तोंड दाखवायला?"

माझी धाकटी जाऊ शालन मागून येत होती. "आक्का, त्या बिचाऱ्यावर कशाला खेकसताय? त्यानं काय केलंय?"

"त्यानं न्हाई केलं. जिनं केलं ती बसलीया जपानात."

"मग तिकडं तोंड करून वरडा की," शालन म्हणाली आणि पूर्वेकडं बोट दाखवून हसत पुढं निघून गेली.

आमच्या घरात दारातून शिरलं की समोर एक मोठी पांढरी भिंत येते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याखाली हे घर मी फुलांच्या धंद्यातून बांधलं. भिंतीवर काही नाही. कॅलेंडर नाही, देवाचा फोटो नाही, माझ्या नवऱ्याचा फौजेतला फोटोसुद्धा नाही. ते हवालदार होऊन निवृत्त झाले, त्यांचा फोटो आतल्या खोलीत आहे आणि त्याबद्दल ते अजून कुरकुर करतात. पाहुणे विचारतात, भिंत मोकळी का? मी सांगते, मोकळी नाही, दिलेली आहे. मग ते नवऱ्याकडं बघतात. हवालदार म्हणतात, "रिझर्व्ह हाय. व्हीआयपी येणार हाय. कवा येणार ते तेवढं विचारू नका."

सौदा झाला तो काही वर्षांपूर्वीचा भाद्रपदही असाच होता. पाऊस आणि ऊन यांची आत-बाहेर चाललेली. वर कासच्या पठारावर फुलं बघायला गाड्यांची रांग, आणि त्या रांगेतून उतरून एक म्हातारी जपानी बाई आमच्या अंगणात आली. बरोबर पुण्याची रेवती. तिनं जपानी शिकून दुभाष्याचं काम धरलेलं. म्हातारीचं नाव साचिको. आमच्या तोंडी ती साचिकोबाई झाली. रेवतीनं सांगितलं की बाई जुन्या जपानी पद्धतीनं फुलं रंगवतात. रेशमावर, कागदावर, घडीच्या पडद्यांवर. तिकडं त्यांचं मोठं नाव आहे. पठारावर गर्दी फार आणि कुंपणाबाहेरून फूल नीट दिसत नाही, म्हणून खाली ओढ्याकाठी कुठं खोली मिळते का बघतोय.

मी भाडं सांगितलं. जरा चढवूनच सांगितलं, खोटं कशाला बोलू. सांगितलेलं खाली येतं हे गृहीत धरून सांगायचं असतं. बाईनं मान वाकवली.

"त्यांना मान्य आहे," रेवती म्हणाली.

"मान्य हाय? अगं, कमी करा म्हणावं की!"

"त्या नाही म्हणणार तसं. त्या म्हणतात, तुम्ही सांगितलंत म्हणजे तेच बरोबर असेल."

माझ्या कानशिलात जाळ झाला. माझं माहेर जत तालुक्यातलं. वडील हेडी होते, म्हणजे बैलांचे व्यापारी. माळावरच्या बाजारात धुळीत उभं राहून ते सौदा करायचे तो टॉवेलाखाली. दोघांचे हात टॉवेलाखाली, बोटांनी बोटं दाबायची, आकडा बोटांतून कळायचा. वर तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, अर्ध्या कानडीत आणि अर्ध्या मराठीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काही पत्ता लागायचा नाही. वडील म्हणायचे, जो घासाघीस करतो तो तुला माणूस समजतो. जो करत नाही तो तुला एकतर भिकारी समजतो नाहीतर चोर. साचिकोबाई मला यातलं काय समजत होती ते मला कळेना, आणि न कळलेली गोष्ट मला सहन होत नाही.

मी म्हणाले, "भाडं नको मला. चित्र पाहिजे. तेरड्याचं."

रेवती गडबडली. "आक्का, त्यांच्या चित्राची किंमत..."

"मी तुझ्याशी बोलत न्हाई, त्यांच्याशी बोलतीया. सांग त्यांना."

तेरडाच का, ते सांगायला हवं. लग्न होऊन मी या गावात आले. नवरा सीमेवर, घरात खाणारी तोंडं बरीच. मी साताऱ्याला बाजारात पोतं अंथरून फुलं विकायला बसले. आमच्या भावकीत तोवर कुणाची सून बाजारात बसलेली नव्हती. माझे चुलतसासरे पारावर सगळ्यांच्या समोर म्हणाले, "बसू दे, बसू दे. तेरड्याचा रंग तीन दिवस." पार हसला. ते हसणं मी पुढं कित्येक वर्षं क्रेटबरोबर उचललं. पोत्याची टपरी झाली, टपरीचं दुकान, दुकानाचा टेम्पो. आज साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठंही मोठा मांडव पडला तर त्याच्या कमानीत माझा झेंडू असण्याचा संभव फार. चुलतसासऱ्यांच्या तेराव्यालाही फुलं माझ्याच दुकानातून गेली. तरी ते वाक्य जिवंतच. म्हणून मला तो तेरडाच पाहिजे होता, घरात शिरल्या शिरल्या समोर, न उतरणाऱ्या रंगात. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक भाऊबंदाला तो दिसला पाहिजे.

रेवतीनं सांगितलं. म्हातारीनं अंगणाच्या कडेला जाऊन तेरड्याचं एक फूल तोडलं, चोळलं आणि नखाला लावलं. रेवती ऐकत होती आणि आम्हांला सांगत होती. हे झाड त्यांच्याकडंही आहे, परसात उगवतं. लहानपणी मुली याच्या पाकळ्या कुटून नखांवर बांधतात, नखं लाल होतात. यांनी राजवाड्यातल्या, देवळातल्या मानाच्या फुलांची चित्रं केली, पण हे परसातलं फूल कधी कुणी मागितलं नाही, म्हणून त्यांनीही केलं नाही.

"व्हय म्हणत्यात का न्हाई तेवढं सांग."

मी पदर पुढं ओढला आणि त्याखाली म्हातारीचा हात घेतला. हाडकुळा, कोरडा, पण मधलं बोट गुळगुळीत. मी एक बोट दाबलं. एक चित्र. तिनं माझं ते बोट सगळ्या मुठीत धरलं आणि चांगलं आवळलं. वडिलांच्या टॉवेलाखाली असली खूण नव्हती, पण असली पक्की कबुली मी त्यानंतर कधी अनुभवली नाही.

इथंच मी फसले. बैलाच्या बाजारात सौदा झाला की दावं लगेच हातात पडतं. बोटांच्या त्या भाषेत आकडे आहेत, पण वायदा नाही, कारण बैल उद्या देतो असं कुणी म्हणत नसतो. हेड्याची लेक, म्हणून मी सगळं विचारलं, पण 'कधी' हे विचारलं नाही.

मग सुरू झालं ते नुसतं बघणं. साचिकोबाई सकाळी छत्री घेऊन ओढ्याकाठी जायची, पायांत आमच्या हवालदारांचे गमबूट. चिखलात छोटं स्टूल टाकून एका झाडासमोर बसायची. हातात पेन्सिल. पान वरून, पान खालून, पानाच्या कडेचे दाते, देठ जमिनीतून निघतो तिथली गाठ, फुलाला मागं असलेली ती बारीक वाकडी शेपटी. तेरड्याला अशी शेपटी असते हे मी जन्मभर फुलं विकून पाहिलं नव्हतं. अर्थात तेरडा विकलाच कुठं होता! पाऊस आला की ती छत्री स्वतःवरून काढून कागदावर धरायची. म्हशी तिच्यामागून जायच्या, पोरं तिच्यासमोर तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा चिमटीत धरून फोडायची, बी टचकन उडून तिच्या कागदावर पडायचं. मग ती तेही काढायची.

मी बाजारातून आले की विचारायची, "झालं का?" ती वही दाखवायची. काळ्या रेघा, नुसत्या काळ्या रेघा. रंगाचा टिपूस नाही.

"कच्चं काम चाललंय," शालन म्हणायची. "पक्कं कवा?"

"शालन, तू गप. तुला काय कळतंय चित्रातलं?"

"तुमाला कळतंय व्हय?"

नव्हतं कळत, म्हणून तर जीव खालीवर होत होता. रंग तिच्याजवळ होते, मी पाहिले होते. एकदा जेवणानंतर तिनं आम्हांला त्यांची पेटी उघडून दाखवली. काचेच्या बारक्या बाटल्यांत दगडांची पूड. निळ्या दगडाचा निळा, हिरव्या दगडाचा हिरवा. जाड दळलं की रंग गडद, बारीक दळलं की फिका. आपल्या पिठासारखंच. पांढरा रंग मात्र शिंपल्यांचा, वर्षानुवर्षं उन्हापावसात टाकून भुसभुशीत झालेल्या शिंपल्यांचा. मग तिनं चुलीवर छोट्या भांड्यात काहीतरी वितळवलं आणि मी नाक मुरडून उठले. तो वास मला माहीत होता. सरस. जनावराच्या कातड्यापासून केलेला, बाजारामागच्या चांभारवाड्यात यायचा तो वास. "गौरी दारात आल्यात आणि ह्या बाईनं चुलीवर सरस चढवला," शालन कुजबुजली. हवालदारांनी निकाल दिला, "फौजेत आमी त्याच्याहून वंगाळ वासात जेवलोय. चालतंय." बाईनं बशीत पूड घेतली, सरसाचा थेंब टाकला आणि मधल्या बोटानं ती मळायला लागली. सावकाश, गोल गोल. ते बोट गुळगुळीत का ते मला तेव्हा कळलं. डोळे तिचे बशीकडं नव्हते, कुठंतरी समोर होते. वडील टॉवेलाखाली बोटं चालवायचे तेव्हा असेच समोर बघायचे.

बशीत तेरड्याजवळचा एक रंग आला, तिनं तो फुलाशेजारी धरला, आणि मान हलवली. नाही. पुसून टाकला. रेवतीनं सांगितलं, "त्या म्हणतात, या रंगाचा दगड नाही."

"म्हंजे?"

"जगात कुठंच नाही. थरावर थर देऊन तो आणावा लागेल. खाली शिंपल्याचा पांढरा, त्यावर तांबडा, त्यावर काय ते अजून त्यांना माहीत नाही."

मला वाटलं, झालं, ही आता कारणं सांगायला लागली. गिऱ्हाईक आणि कारागीर दोघंही पळायच्या आधी कारणं सांगतात.

तरीही त्या भाद्रपदातलं जे आठवतं ते मोडून टाकावंसं वाटत नाही. मी तिला टेम्पोतून सांगलीला नेलं होतं. वाटेत कडेगावच्या बाजूला उसाचे तुरे अजून यायचे होते, नुसती हिरवी भिंत दोन्हीकडं. सांगलीच्या फुलबाजारात मी निशिगंधाच्या भावावरून एका व्यापाऱ्याशी असं भांडले की बघायला माणसं जमली. भाव ठरला तसा तो म्हणाला, "आक्का, आज तुमी जरा जास्तीच वरडलासा." मी म्हणाले, "पाव्हणी बघतीया, तिला पैसं वसूल वाटाय नकोत का?" तो हसला, चहा मागवला. परतताना म्हातारी वाटेत गाडी थांबवून हळदीच्या शेतात शिरली. हळदीलाही फूल येतं आणि ते पानांच्या पोटात लपतं, हे सांगलीच्या माणसाला नवं नाही. तिनं पानं बाजूला केली आणि ते फिकट पांढरं फूल बघून हसली, कुणी ओळखीचं भेटावं तशी. शेतकरी म्हणाला, "काय हरवलंय का बाईंचं?" मी म्हणाले, "न्हाई, सापडलंय." हे मी का म्हणाले कोण जाणे. रागात असलेल्या माणसानं असलं बोलू नये.

आणि गौरी. आमच्याकडं गौर तेरड्याची. ओढ्यावरून मुळासकट उपटून आणायची, मुळं धुवायची, तीच तिची पावलं. पोरींबरोबर साचिकोबाई ओढ्यात उतरली. मुळांची माती पाण्यात सुटताना तिनं बघितली, हळदीकुंकवाच्या पावलांवरून तेरडा घरात येताना बघितला, त्याला साडी नेसवताना, शेपूची भाजी आणि भाकरी पुढं ठेवताना, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. ती समोर बसून काढतच राहिली. तिसऱ्या दिवशी फुलं गळायला लागली होती. पान खाली लोंबलेलं. शालन म्हणाली, "आता कशाला काढत्यात? काल काढायचं व्हतं, चांगली दिसत व्हती." म्हातारीनं सगळ्यांत जास्त पानं त्या दिवशी भरली.

गौर पाण्यात सोडून आल्यावर तिनं गळलेली फुलं गोळा केली, पाट्यावर तुरटीच्या खड्याबरोबर कुटली, शालनच्या आणि माझ्या नखांवर तो गोळा ठेवला, वर पान गुंडाळून दोऱ्यानं बांधला. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा वेळ हात न हलवता बसले. सकाळी नखं नारिंगी-लाल. गौर गेली, तेरडा सुकला, ओढ्याचं पाणी ओसरलं, आणि नखावरचा रंग तसाच. नख वाढत गेलं तसा तो टोकाकडं सरकत गेला. दिवाळीच्या करंज्या मुरडताना अजून एक लाल कड शिल्लक होती. तोवर बाई गेली होती.

जातानाचं भांडण आठवलं की अजून घाम येतो. बॅगा अंगणात. वह्यांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधलेला. मी दारात आडवी.

"चित्र कुठं हाय?"

रेवती म्हणाली, "आक्का, त्यांच्या पद्धतीत फुलासमोर रंगवत नाहीत. इथं फक्त बघायचं. चित्र घरी गेल्यावर होतं. फूल समोर नसताना जे मनात उरतं, तेच."

"हे आधी सांगायचं न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"म्या विचारलं न्हाई? तुला दुभाषी कुणी केलं गं? एवढा भाद्रपद माझ्या घरात राहिली, माझ्या चुलीवर सरस शिजवला, आणि आता म्हणती चित्र मनात हाय? मनातलं चित्र भिंतीवर टांगू व्हय मी?"

हवालदार म्हणाले, "अगं, हळू. परराष्ट्र संबंध बिघडतील."

साचिकोबाईंना एक शब्द कळत नव्हता, पण सगळं कळत होतं. तिनं माझा पदर स्वतःच पुढं ओढला, त्याखाली माझा हात शोधला आणि एक बोट दाबलं. मग गाडीत बसली.

मधे काही पावसाळे गेले. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. 'हेड्याच्या पोरीला जपानीबाईनं गंडवलं.' सांगलीच्या बाजारात तो निशिगंधवाला भाव सांगताना म्हणायला लागला, "आक्का, पैसं नसतील तर चित्र द्या." मी त्याच्याकडून माल घेणं बंद केलं, मग त्यानंच घरी येऊन हात जोडले. दर भाद्रपदात तेरडा यायचा, दर भाद्रपदात मी रेवतीला फोन लावायची. "झालं का?" ती म्हणायची, "चालू आहे." चालू आहे हा शब्द मी सरकारी कचेरीत ऐकलाय, त्याचा अर्थ मला शिकवायला नको.

आणि यंदा श्रावणात रेवती दारात आली. हातात चपटी लाकडी पेटी.

घरात शालन होती, हवालदार होते. पेटी उघडली. आत शेवंती. सोन्याच्या वर्खावर पांढरी शेवंती. एकेक पाकळी शिंपल्याच्या रंगानं किंचित वर उठवलेली, बाजूनं बघितलं की सावली पडायची. मी जन्मभर शेवंती तोलली, तिच्यावर पाणी मारलं, तिच्या करंड्या शिवल्या. शेवंतीचा वास नाकात नसेल असा माझा एक दिवस गेला नसेल. ही शेवंती बघून पहिल्यांदा मला वाटलं की आपण तिला कधी तोंडओळखसुद्धा करून घेतली नाही. शालननं दोन्ही हात गालांना लावले. हवालदारांची टोपी हातात आली.

रेवती हळू बोलत होती. "त्यांचा हात आता थरथरतो. एका डोळ्यानं कमी दिसतं. तेरडा त्यांनी तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा खरवडून टाकला. रंग येत नाही म्हणतात. आता होणार नाही. म्हणून त्यांच्या चांगल्या दिवसांतलं हे चित्र पाठवलंय. आक्का, तिकडं याच्यासाठी लोक रांग लावतील. तुमच्या सौद्याहून कितीतरी मोठं आहे हे."

"घ्या आक्का," शालन म्हणाली. "भिंत धन्य व्हईल."

मला वडील आठवले. एकदा एकानं कबूल केलेल्या बैलाऐवजी जास्त किमतीचा बैल आणून उभा केला. वडिलांनी दावं हातात घेतलं नाही. म्हणाले, "मोठा दाखवून बारका देतो तो चोर. बारक्याच्या जागी मोठा देतो त्याला सुटायचं असतं. मी सोडत न्हाई."

मी पेटीचं झाकण लावलं.

"रेवती, हे परत ने."

"आक्का!"

"म्या शेवंती मागितली न्हवती. तेरडा ठरलाय."

"अहो, त्यांचा हात थरथरतो!"

"थरथरू दे. तेरडाबी थरथरतोच की. वारा नसला तरी थरथरतो, त्यांनीच काढून दावलाय."

रेवतीचे डोळे भरले. "तुम्हांला त्या म्हाताऱ्या बाईची दया नाही येत?"

आता मात्र माझा आवाज चढला. "दया? दया करून सोडून देऊ? लोकांनी मला असंच सोडून दिलं व्हतं, तीन दिवसांत गळंल म्हणून. मी त्यांना सोडणार न्हाई. त्यांना म्हणावं, तुमी हात टेकलासा तर माझा सौदा बुडतोय, आणि माझा सौदा आजवर कुणी बुडवलेला न्हाई. तिसऱ्या दिवसाचा तेरडा काढलाय न्हवं त्यांनी? मग तिसऱ्या दिवसाचा हात बी चालतोय."

हवालदार खाकरले आणि म्हणाले, "पोरी, ने ती पेटी. ही माघार घेणार न्हाई. मी हिच्या मनात बत्तीस ठिकाणी बोर मारून बघितलीया, आत दगड हाय."

रेवती पेटी घेऊन गेली. शालन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सोनं दारातून परत पाठवलं म्हणून गावानं मला वेड्यात काढलं. खरं सांगू? ती शेवंती माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही. भाकरी थापताना, गाडीत बसल्यावर, ती सावली पडलेली पाकळी दिसायची. तिच्या मोबदल्यात मी फक्त राग ठेवून घेतला होता. तिनं चित्र दिलं नाही, याचा तो राग उरला नव्हता. आक्का शेवंतीवर मिटवून घेईल असं तिनं धरलं याचा होता, आणि स्वतःला तिनं संपलेलं धरलं याचा.

आज गौरी आल्या. सकाळी पोरींबरोबर ओढ्यावर गेले, तेरडा उपटला, मुळं धुतली. पाणी गार होतं. गौर घरात येऊन बसली आणि शेपू चिरायला घेतला तोच जपानातून रेवतीचा व्हिडिओ फोन.

"आक्का, जरा बघा."

पडद्यावर आधी एक भिंत दिसली, मग साचिकोबाई. फार वाळलेली. केस पार पांढरे. जमिनीवर बसलेली, समोर बशा. मागं काहीतरी मोठं उभं होतं आणि त्याच्यावर कापड टाकलेलं.

"चित्र दाव म्हणावं," मी म्हणाले.

"नाही दाखवणार. झाल्याशिवाय नाही."

म्हातारीनं हात वर केला. थरथरत होता, खोटं नाही. मधल्या बोटाला टोकापासून पेरापर्यंत ओला रंग लागलेला. मी फोन तसाच उचलला आणि गौरीसमोर नेला. तेरड्याच्या फुलाशेजारी पडदा धरला. इकडं फूल, तिकडं बोट. शालन मागून वाकून बघत होती. दोन रंगांतला फरक काढणं हा माझा धंदाच आहे. मला फरक काढता आला नाही.

"कोणत्या दगडाचा गं?" शालननं विचारलं.

रेवतीनं विचारून सांगितलं, "त्या म्हणतात, सांगणार नाही. आक्का भाव पाडतील."

हवालदार एवढ्या मोठ्यानं हसले की गौरीपुढचा दिवा हलला. मी हसले नाही. मी पदर पुढं ओढला, त्याखाली माझंच एक बोट दाबलं आणि ते तिला दिसेल असा पदर फोनसमोर धरला. ती बघत राहिली. मग तिनं मान वाकवली, अगदी बशीपर्यंत, आणि बोट परत रंगात घातलं.

"आता कधी ते विचारू का?" रेवती म्हणाली.

"नको," मी म्हणाले. "बसलीया न्हवं कामाला? बसू दे."

फोन ठेवून मी हवालदारांना हाक मारली. "आवं, हातोडी आणा. आणि मोठा खिळा. भिंतीत बसंल असा."

"अगं, चित्राचा पत्ता न्हाई आणि खिळा?"

"आदी खिळा."

त्यांनी ठोकला. चुना उडाला, गौरीच्या साडीवर पडला, शालननं तो पुसला. खिळा पक्का बसला आहे, मी लोंबकळून बघितलं. दुपारी शालननं बाजाराची पिशवी त्याला अडकवली होती. मी ती काढून तिच्या हातात दिली.